मागाचा खड्डा

माग विकला तेव्हा सागवान गेलं,
फणी गेली, धोटे गेले वजनावर.
खड्डा कोण घेणार?
तो राहिला वडगावात, आमच्या मागच्या खोलीत,
कंबरेइतका खोल,
आप्पांच्या दोन पायांच्या मापाचा.

पत्रे उडाले त्या साली त्यात पाणी साचलं.
भाऊ म्हणाला बुजवू. मुरुमाचा भावही काढून आला.
मी शनिवारच्या बाजारातनं चार बदकं आणली,
पिशवीत घालून, बसमध्ये, मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, "एनैतव्वा चीलदाग?"
म्हटलं, तत्ती.
तिकीट फाडताना तो पिशवीकडंच बघत होता:
"तुझी तत्ती बोलतात की गे."

"सगळ्या माद्याच," विकणाऱ्यानं शपथ घातली होती.
पाच महिने घरात तेवढी शपथच घातलेली.
तांदळाची कणी खाल्ली, कोंडा खाल्ला,
बळ्ळारी नाल्याकाठच्या गोगलगायी मी वेचून आणल्या
त्याही खाल्ल्या,
आणि सगळी घाण त्या खड्ड्यात.
निंगव्वा भिंतीवरनं नाक धरून विचारायची,
काय करूलैस गे हे?
मला तरी कुठं माहीत होतं.

आप्पा खाटेवर. छातीत तीस वर्षांचा कापूस.
बोलणं कमी, ऐकणं मात्र शाबूत:
कधीकाळी शेजारच्या घरातल्या मागाचा तुटलेला धागा
त्यांना जेवता जेवता कळायचा.
एका संध्याकाळी हात वर करून म्हणाले,
"ती दोन, घसा बसलेली,
ते नर आहेत."
त्यांचा स्वतःचा आवाजही तसाच आला,
घोगरा, फाटक्या पिशवीतनं आल्यासारखा.
आम्ही दोघंही हसलो. मग त्यांना खोकला लागला
आणि हसणं कुठलं, खोकला कुठला, कळेना.

महिन्याभरानं पेंढ्यात पहिलं अंडं.
कोंबडी घालते तेव्हा गल्ली जमवते,
ही काही बोलली नाही.
फिकट निळं, जाड कवचाचं,
हातात घेतलं तर चहाच्या कपाएवढं ऊन.
मी ते आप्पांच्या तळहातावर ठेवलं.
आमच्यात अंडं चालत नाही.
त्यांनी वजन केलं, हलवून पाहिलं, कानाला लावलं,
मग म्हणाले, "ओंदु."
सावकाराकडं साड्या मोजून द्यायचे तसे.
घरात आम्ही मराठीत भांडतो, देवाला मराठीत सांगतो,
पण माल मोजायचा तो कन्नडात.

आता सगळं बसलंय.
नऊ वाजेपर्यंत डालगं उचलायचं नाही,
नाहीतर ही बाई कुठंही टाकून येते,
रुमाल पडावा तसं.
दिवसाला कधी दोन, कधी एक.
निंगव्वा नाक न धरता येते, "तत्ती अदावेन?"
बेकरीवाला रफीक उरलेली नेतो,
केक फुगतो म्हणतो. पैसे शुक्रवारी देतो म्हणतो.
शुक्रवार बरेच झाले.

काल मी उशिरा उठले. डालगं भावानं उचललेलं.
पेंढा रिकामा,
बदकं खड्ड्यात गोल फिरतायत,
पाण्याखाली त्यांचे पाय, एक आणि एक, एक आणि एक,
वर मात्र काहीच चाललेलं नाही अशी मान.
अंडं तळाला असणार.
मी काठावर बसले, जिथं आप्पा बसायचे,
दगड तिथं गुळगुळीत आहे,
लुगडं गुडघ्यावर घेतलं
आणि पाय सोडून चाचपू लागले.
गाळ. पान. काहीतरी लाकडी, बहुतेक पावडीचा तुकडा.
पुन्हा गाळ.

पाण्याचा आवाज आत गेला असेल.
खाटेवरनं आप्पा म्हणाले,
"डावा आधी."

मी डावा आधी टाकला.
मग उजवा.
दारात निंगव्वा भांडं घेऊन उभी होती
आणि पहिल्यांदाच
काही विचारत नव्हती.